काडीमाशी शोधायची कशी, राखायची कशी: बेळगाव-खानापूर भागातल्या नवशिक्यांसाठी

मधमाशी म्हटलं की आपल्याकडे पोळ्याचीच आठवण होते. आग्या, सातेरी, फुलोरी, फार तर भिंतीच्या फटीतली बिनडंखाची बारकी. पण कुंपणाच्या वाळक्या काडीत, गाभा पोखरून, दोन मिलिमीटरच्या भोकामागे संसार मांडणारी एक काळी माशी आपल्या गल्लीगल्लीत आहे. इंग्रजीत हिच्या कुळाला ‘रीड बी’ म्हणतात, शास्त्रात आपल्याकडच्या वंशाचं नाव ‘ब्राउन्सॅपिस’. या लेखापुरतं मी तिला काडीमाशी म्हणतो.

ती बघायला महागडं काही लागत नाही. पण माहिती मिळवायला बसलात तर हमखास गोंधळ होतो. इंटरनेटवरचे बहुतेक फोटो ऑस्ट्रेलियातल्या ‘एक्झोन्यूरा’ या नात्यातल्या वंशाचे असतात आणि त्यातल्या बऱ्याच जातींचं पोट तांबूस असतं. ते डोक्यात ठेवून येळ्ळूरच्या बांधावर गेलात तर आयुष्यभर शोधत बसाल. एक्झोन्यूरा आपल्याकडे नाही. आपली ती काळी.

१. आधी ओळख पक्की करा

आकार चार ते सहा मिलिमीटर, म्हणजे मोठ्या मुंगीएवढी. अंग काळं, गुळगुळीत, केस अगदी विरळ. चेहऱ्याच्या मधोमध, जबड्याच्या जरा वर, पांढुरका उभा डाग. मादीचं पोट शेपटाकडे चपटं होत जातं. हे चपटेपण लक्षात ठेवा, पुढे पाचव्या पायरीला त्याचं काम आहे.

गोंधळ घालणाऱ्या मंडळी तीन.

पहिली ‘सेराटिना’, म्हणजे भुंग्याची बारकी चुलत बहीण. तीही काडीतच राहते, तीही घाणेरीवर, तीही शंकासुरावर. सेराटिनाच्या काही जाती हिरव्या-निळ्या चकाकतात, त्या ओळखायला सोप्या. काळ्या अंगावर पिवळ्या खुणा असलेल्या मात्र दमवतात. पक्की खूण पंखात आहे. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला एक लांबट घर, म्हणजे शिरांनी वेढलेला कप्पा, दिसतं, त्याच्या खाली ओळीने बारकी बंद घरं असतात. काडीमाशीत ती दोन, सेराटिनात तीन. फोटो मोठा करून मोजा. मोजता आलं नाही तर ‘काडीत राहणारी छोटी माशी’ एवढंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

दुसरी बिनडंखाची मधमाशी. ती फुलावर एकटी दिसली की फसायला होतं. तिचा मागचा पाय रुंद, पळीसारखा असतो आणि त्यावर परागांचा ओला गोळा चिकटलेला दिसतो. काडीमाशीच्या पायावर पराग कोरडे, केसांत अडकलेले.

तिसरी ‘हायलियस’. काळी, सडपातळ, चेहऱ्यावर फिकट डाग. पण तिचे डाग बहुधा डोळ्यांच्या कडेने असतात आणि पायावर पराग वाहायला केसच नसतात, कारण ती पराग गिळून नेते.

जातीपर्यंत जाण्याचा हट्ट सुरुवातीला धरू नका. भारतातून ब्राउन्सॅपिस मिक्स्टा, पिसिटार्सिस, कुप्युलिफेरा अशा अनेक जातींच्या नोंदी आहेत आणि त्या फोटोवरून वेगळ्या करणं तज्ज्ञांनाही जड जातं. हा वंश १९६९ साली चार्ल्स मिचेनर या अमेरिकी संशोधकाने वेगळा काढला. त्याआधी ही सगळी मंडळी आफ्रिकेतल्या ‘अ‍ॅलोडॅपे’ वंशात मोडायची. जुन्या पुस्तकात ते नाव दिसलं तर गांगरू नका.

२. ती घरात काय करते ते समजून घ्या, मगच हात लावा

ही पायरी लोक टाळतात आणि तिथेच नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काडीत राहणाऱ्या बहुतेक माश्या खोल्या करतात. सेराटिना काडीत परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, गाभ्याच्या भुशाची भिंत घालते, मग पुढची खोली. प्रत्येक पिल्लाला त्याचा डबा भरून दिलेला. काडीमाशी भिंत घालतच नाही. तिची काडी म्हणजे एकच सलग बोळ. अंडी साधारणपणे तळाशी, आणि अळ्या, कोष सगळे त्याच बोळात एकत्र. आई रोज पराग आणते आणि अळ्यांना वाढत्या वयाप्रमाणे थोडं थोडं भरवते. पोटच्या पोरांना हाताने भरवणारी माशी पोळ्याबाहेर फार थोडी सापडते.

बहुतेक घरात एकच मादी असते, पण कधी दोन-तीन. लेकी मोठ्या झाल्यावर काही उडून जातात, काही आईच्याच घरात राहून हातभार लावतात. राणी, कामकरी असा पोळ्यातला कडक भेद इथे नाही. म्हणूनच माश्यांचं एकत्र राहणं कसं सुरू झालं असेल, हे शोधणारे लोक या कुळामागे लागलेले असतात. ऑस्ट्रेलियात झाडनेच्याच्या वाळक्या दांड्यांत राहणाऱ्या एक्झोन्यूरा रोबुस्टावर त्यासाठीच बराच अभ्यास झाला आहे.

आता यातून व्यवहाराचा मुद्दा असा: सेराटिनाची काडी चुकून चिरली तर एखादी खोली फुटते, बाकीच्या वाचू शकतात. काडीमाशीची काडी चिरली तर अख्खं घर एकदम उघडं पडतं आणि मुंग्या काही वेळातच पोचतात. आई मेली तर डबा भरून ठेवलेला नसल्याने अळ्या उपाशी मरतात. ‘आत काय आहे बघूया’ म्हणून काडी उभी फाडणं हा नवशिक्याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अनावश्यक उद्योग.

३. सामान आणि कागदपत्रं

- मॅक्रो भिंग लावलेला मोबाइल. क्लिपवाली साधी भिंगं पुरतात.
- दहा पटीचं हातभिंग.
- छोटी बॅटरी, शक्यतो पिवळट उजेडाची.
- सिकेटर, म्हणजे झाडं छाटायची कात्री. धार हवी, बोथट कात्रीने काडीचं टोक चिंबतं.
- सुती दोरा, रंगीत फीत, पेन्सिल आणि वही. पावसाळी हवेत शाई पसरते.
- पारदर्शक छोटी डबी, माशी दोन मिनिटं बघून सोडण्यापुरती.

स्वतःच्या परसात किंवा ओळखीच्या शेतात कसलाच कागद लागत नाही, फक्त मालकाला विचारा. आपल्याकडे दुसऱ्याच्या बांधावर कोणी वाकून काही बघताना दिसलं की मोजणीचा माणूस आला असं आधी वाटतं. येळ्ळूरकडे एका आजींनी मला विचारलं, “काय शोधूलालास रे बाळ, खुंटा हलवूलास की काय?” भिंगातून माशी दाखवली आणि मग त्यांनीच मला मागच्या कुंपणातली आणखी दोन भोकं दाखवली.

जंगलाची गोष्ट वेगळी. खानापूर तालुक्यातलं भीमगड हे अभयारण्य आहे. तिथून वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, आणि फिरायला, अभ्यासाला परवानगी लागते. राखीव जंगलासाठीही आधी वनखात्याच्या कचेरीत अर्ज करा. अर्ज कन्नडमध्ये दिला तर काम लवकर होतं, हा माझा सरळ अनुभव. लिहिता येत नसेल तर शेजारच्या कन्नड मित्राकडून लिहून घ्या. सोबत आधार कार्डाची प्रत, शाळा-कॉलेजचं पत्र असेल तर ते, आणि माशीचा छापील फोटो शास्त्रीय नावासह जोडा. फोटो पाहिला की टेबलामागच्या माणसाला तुम्ही मध काढायला निघालेला नाही हे कळतं. खरं सांगायचं तर नवशिक्याला जंगलात जायची गरजच नाही. काडीमाशीला माणसाने छाटलेलं कुंपण फार मानवतं.

४. कधी आणि कुठे बघायचं

बेळगाव जिल्ह्याचं हवामान एकसारखं नाही. कणकुंबी-जांबोटीकडे जूनपासून आभाळ फाटतं आणि अथणीकडे लोक त्याच वेळी ढगाकडे बघत बसतात. पश्चिमेकडे, म्हणजे खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या घाटाकडच्या अंगाला, पाऊस उघडल्यापासून वळवापर्यंतचा काळ धरा. पूर्वेकडे, गोकाक-अथणीच्या बाजूला, पावसाळ्यातल्या उघडिपीतही बघता येतं. वेळ सकाळी ऊन अंगाला लागल्यापासून दुपारच्या कडाक्यापर्यंत. थंडीत बेळगावला सकाळी उशिराच ऊब येते, घाई करून धुक्यात जाऊ नका.

आधी फुलं बघा. तुळशीची मंजिरी, एकदांडी, फुलावर आलेली कोथिंबीर. परसातल्या तुळशीपाशी स्वस्थ बसलात तरी ओळख होऊन जाईल.

मग घरं. इथे एक गोष्ट कळली की अर्धं काम झालं: काडीमाशी सालीतून आत शिरू शकत नाही. तिला काडीचं टोक तुटलेलं किंवा कापलेलं आणि मऊ गाभा उघडा लागतो. त्यामुळे सालीवरची भोकं तपासत बसू नका, टोकं तपासा. जिथे गेल्या वर्षी कोणी कात्री चालवली, जिथे शेळ्यांनी किंवा वाऱ्याने फांदी मोडली, तिथल्या वाळक्या टोकांवर.

झाडं कोणती? लाल-पिवळ्या फुलांचा झुडुपी शंकासुर सगळ्यात भरवशाचा. टिळकवाडी, अनगोळकडच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात तो अजून आहे. घाणेरी सगळीकडे आहेच. छाटलेला गुलाबही बघा, त्याच्या वाळलेल्या खुंटांत छान गाभा असतो. बांबूच्या पोकळ नळ्या मात्र तिला बहुधा फार रुंद पडतात.

५. घर जागतं आहे की सोडलेलं, हे काडी न फोडता ओळखा

टोकावर गाभ्याच्या मधोमध गोल, स्वच्छ भोक दिसलं की थांबा. कडा ताज्या, फिकट असतील आणि खालच्या पानावर पिठासारखा भुसा पडला असेल तर काम चालू आहे. भोकात कोळ्याचं जाळं किंवा चिखल असेल तर दुसरा भाडेकरू आला समजा. चिखलाचं बूच बहुधा गांधीलमाशीच्या एखाद्या बारक्या नातेवाइकाचं.

आता ते चपटं पोट. बॅटरी तिरकी धरून भोकात उजेड टाका. पुष्कळदा भोक बंद दिसेल, काळ्या चकचकीत झाकणाने. ते झाकण म्हणजे मादीचं शेपूट. मुंगी किंवा परका कोणी आला की ती पाठ फिरवून चपट्या पोटाने बोळाचं तोंड बुजवते. भिंगातून नीट बघितलंत तर झाकणावर वळ्या दिसतात आणि ते श्वासाबरोबर अगदी किंचित मागेपुढे होतं. कधी झाकणाऐवजी चेहरा असतो, पांढुरका डाग पुढे करून. उजेड काढून घेतला की ती मागे सरकते. हे बघायला मिळालं की आत उघडून बघायची हौस बहुतेकांची तिथेच फिटते.

भोकात गवताची काडी खुपसू नका. फुंकर मारू नका. चावेल म्हणून नव्हे. नांगी असते, पण ती इतकी बारीक की माणसाला जाणवली तर जाणवली. आत तोंडाशीच कोष असू शकतात, म्हणून.

दिवसा शंका राहिली तर संध्याकाळी दिवेलागणीला परत या. बाहेर गेलेल्या सगळ्या तोवर घरी आलेल्या असतात. जागत्या काडीला खालच्या बाजूला रंगीत फीत बांधा. नाहीतर कुंपण साफ करणारा गडी पुढच्या आठवड्यात ती घेऊन जातो आणि तुमच्या वहीत ‘घर नाहीसं’ एवढंच उरतं.

६. तिच्यासाठी काड्या लावा

विकत मिळणारी ‘बी हॉटेलं’, म्हणजे माश्यांसाठी नळ्या रचून केलेली घरटी, घेऊ नका. त्यातल्या नळ्या रुंद असतात, त्यात पानं कापणाऱ्या माश्या आणि गांधीलमाश्या राहतात. वाईट काही नाही, पण काडीमाशी येत नाही. घरचं काम असं करा:

- शंकासुराच्या किंवा गुलाबाच्या वाळलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या निवडा. आत मऊ, पांढरा-तपकिरी गाभा हवा. हिरव्या फांद्या नकोत, त्या आक्रसतात आणि बुरशी धरतात.
- वीतभर लांबीचे तुकडे करा. वरचं टोक धारदार सिकेटरने सरळ कापा, गाभा चेपला जाता कामा नये. खालच्या टोकाला पेर किंवा गाठ असेल तर उत्तम.
- भोक तुम्ही पाडू नका. फार तर सुईने गाभ्यात मधोमध टोचून खूण करा. पोखरायचं काम तिचं.
- दहा-बारा काड्यांची सैल मोळी सुती दोऱ्याने बांधा आणि कुंपणाला आडवी, तोंड किंचित खाली करून लावा. उभी लावली तर पाणी थेट आत जातं.
- तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला. आपल्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून येते. खानापूरकडे असाल तर वर कौलाचा तुकडा किंवा पत्र्याची पट्टी हवीच.
- ज्या तारेवर मोळी टांगता त्या तारेला ग्रीसचा बारीक थर द्या, मुंग्यांसाठी. काड्यांना मात्र तेल, वार्निश, वाळवीचं औषध काहीही नको.

एकाच ठिकाणी पन्नास काड्यांचा भारा करू नका. तिथे मुंग्या आणि परजीवी गांधीलमाश्या जमतात. कुंपणभर चार-पाच छोट्या मोळ्या बऱ्या. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मोळीच न बांधणं: छाटणी करताना काही फांद्या हातभर खुंट ठेवून कापा आणि ते खुंट वाळू द्या. माझ्या मते हाच उपाय पहिला, मोळी दुसरा.

७. सापळे: इथे बहुतेक घरं जातात

दिवाळीच्या आधीची कुंपणसफाई. सगळी वाळकी टोकं एका दिवसात कापली जातात आणि ढीग पेटवला जातो. छाटणी करायचीच असेल तर अर्धं कुंपण या वर्षी, अर्धं पुढच्या वर्षी. कापलेल्या काड्यांत जागती भोकं दिसली तर तो ढीग पेटवू नका. काड्या सावलीत, मोळीसारख्याच तोंड किंचित खाली करून, झाडाला बांधून ठेवा.

होळी. पोरं वाळकं लाकूड गोळा करतात, आणि वाळकं म्हणजे हिचंच घर. पोरांना फीत बांधलेल्या काड्या दाखवून ठेवा. एकदा भिंगातून तो चेहरा बघितला की तीच राखण करतात, आणि जरा जास्तच कडक करतात.

फवारणी. निपाणीकडे तंबाखू, बेळगावभोवती भाजीपाला, दोन्हीकडे औषध मारलं जातं. बांधाला लागून फवारणी असेल तर ती माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करायला शेतकऱ्याला सांगा. ‘मित्रकीटक’ म्हणून भाषण देण्यापेक्षा फुलावरची माशी दाखवून बोललं तर लोक ऐकतात.

घाणेरी. ती परकी वनस्पती, ती काढणारे बरोबरच करतात. पण जानेवारीत सरसकट उपटायची असेल तर आधी टोकं तपासा आणि जागत्या काड्या तेवढ्या कापून बाजूला बांधा. घाणेरी वाचवा असं मी म्हणत नाही.

८. नोंद करा आणि ओळखीला पाठवा

एका माशीचे किमान चार फोटो: समोरून चेहरा, वरून पूर्ण अंग, बाजूने, आणि पसरलेला पंख. पंखाचा फोटो उडत्या माशीचा येत नाही. माशीला पारदर्शक डबीत घ्या, डबी थोडा वेळ सावलीत ठेवा, ती शांत झाली की काढा आणि जिथे पकडली तिथेच सोडा. अळ्यांना भरवायला कोणीतरी घरी पोचलं पाहिजे.

वहीत तारीख, वेळ, गाव, झाडाचं नाव, काडीची जाडी, भोकाचं तोंड कुठल्या दिशेला आणि जमिनीपासून उंची लिहा. फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जीवांचे फोटो टाकून ओळख विचारायच्या संकेतस्थळावर, टाका. गावाचं नाव बेळगाव लिहा की बेळगावी, यावर तिथे कोणी भांडत नाही, नकाशावरचा ठिपका बरोबर हवा. ओळखीच्या रकान्यात ‘ब्राउन्सॅपिस’पर्यंतच थांबा, जात सुचवणारे सुचवतील.

मेलेली माशी सापडली तर ती चिमटीत न धरता कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर पेन्सिलीने सगळा तपशील लिहा. कीटकांची ओळख पटवण्याचं काम बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत होतं. जवळचं हवं तर धारवाडच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभाग आहे. थेट पुडी घेऊन जाण्याआधी फोटो आणि तपशील पाठवून विचारा. ठिकाण आणि तारीख नसलेली माशी कोणाच्याच कामाची नसते, मग ती कितीही सुंदर असो.